जनरेटर घ्यावा की जिन्यात बॅटरीचे दिवे? (ठाणे, सोसायटी)

घोडबंदरकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सचिवपद गळ्यात पडून आठ महिने झालेत, त्यामुळे हा धागा काढणं आलंच.

आमची इमारत घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. तळ अधिक १४, फ्लॅट ५६, दोन लिफ्ट, दोन जिने. एक जिना लोक वापरतात, दुसऱ्यात सायकली राहतात. दोन्ही बंदिस्त, दिवसाही दिवा लावावा लागतो.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेबाराला वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही. जिन्यातले दिवे इन्व्हर्टरवर आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तेही लागले नाहीत. नवव्या मजल्यावरच्या काकू लग्नाहून परतल्या होत्या. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने निघाल्या आणि सातव्याच्या वळणावर पायरी चुकली. मनगट मोडलं.

सकाळी बघितलं तर जनरेटरची बॅटरी मेलेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाण्याचा थेंब नाही. वॉचमन म्हणाला, "मागच्या सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं होतं, करंट लागेल, हात लावू नका."

आता समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो जुना जनरेटर विका, नवा ६२.५ केव्हीएचा घ्या. कोटेशन सात लाखांच्या आसपास आलंय. दुसरा म्हणतो जिन्यात आणि लॉबीत बॅटरीचे दिवे लावा, याच्या दहाव्या हिश्श्यात काम होईल. महिन्याभरात सर्वसाधारण सभा आहे. कोणी यातून गेलंय का? काय करावं?

खारघरचा_वारा
मी पहिला! नवी मुंबईत राहायला या. आमच्याकडे लाइट जातच नाही.

नेरुळी_मासा
@वारा, अगदी खरं. परवा चार तास आलीच नव्हती, त्यामुळे गेली असं म्हणता येणार नाही.

काटकसर
मी आमच्या सोसायटीत (वर्तकनगर) अकरा वर्षं खजिनदार आहे, त्यामुळे वाईटपणा माझ्याकडे. सात लाख भागिले ५६, म्हणजे घरटी साडेबारा हजार. त्यावर डिझेल, सर्व्हिसिंग, एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार). आणि वीज महिन्यातून किती वेळा जाते? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मोबाईलला टॉर्च आहे. काकूंना लवकर बरं वाटो, पण टॉर्च लावून चढल्या असत्या तर हा धागाच निघाला नसता.

नौपाड्याची_आजी
खजिनदारसाहेब, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, मग कठडा धरायला आणि टॉर्च धरायला तुम्ही येणार का?

काटकसर
आजी, शरण.

तीन_फेज
मी विद्युत सल्लागार आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

घोडबंदरकर, राग मानू नका, पण 'हे की ते' असा प्रश्नच होत नाही. जनरेटर आणि जिन्यातला दिवा यांची कामं वेगळी आहेत. जनरेटर आपोआप सुरू होणारा, एएमएफ पॅनलवाला असला, तरी वीज गेल्याचं कळणं, स्टार्टर लागणं, व्होल्टेज स्थिरावणं आणि मग लोड घेणं यात दहा-पंधरा सेकंद जातात. तेही सगळं ठीक असेल तर. तोवर माणूस पायरीवर काळोखात उभा. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६, भाग ४) म्हणूनच म्हटलंय की सुटकेच्या वाटेवरचा आपत्कालीन दिवा वीज गेल्यापासून काही सेकंदांतच लागला पाहिजे आणि कमीत कमी दीड तास टिकला पाहिजे. इतक्या पटकन लागायचं तर ते काम बॅटरीचं. लिफ्ट आणि पंप चालवायचे तर ते जनरेटरचं. पहिलं काम स्वस्त आहे आणि तेच आधी करायचं.

एक विचारतो. तुमचा इन्व्हर्टर ठेवलाय कुठे?

घोडबंदरकर
मीटर रूममध्ये. जनरेटरचा चेंजओव्हर (इमारत विजेवरून जनरेटरवर वळवणारा स्विच) पण तिथेच. का?

तीन_फेज
हेच उत्तर येणार अशी भीती होती. अण्णा आहेत का इथे? त्यांनी सांगितलेलं जास्त पटेल.

पिंट्या२.०
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शिडीवाले_अण्णा
आहे. नातवाला झोपवत होतो.

मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो, आता ऐरोलीला असतो. राहत्या इमारतीत आगीची वर्दी आली की आमचा पहिला अंदाज दोनच जागांचा असायचा, स्वयंपाकघर नाहीतर मीटर रूम. मीटर रूममध्ये काय नसतं! सैल झालेले जोड, कोणी एसी वाढवले म्हणून तापलेल्या केबली, आणि वर वॉचमनचा पंखा, त्याची गादी, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, रंगाचे उरलेले डबे. ती पेटली की धूर केबलच्या डक्टमधून आणि जिन्यातून वर चढतो.

आम्ही पोचल्यावर आधी काय करतो? मेन बंद. पाणी मारायचं तर वीज नकोच. म्हणजे वरचे लोक ज्या घटकेला जिन्याकडे धावतात, बरोबर त्याच घटकेला जिना काळा होतो. तुमचा मेन, तुमचा इन्व्हर्टर आणि तुमच्या जनरेटरचा चेंजओव्हर तिन्ही त्याच खोलीत. वीज नुसती गेली तर तो इन्व्हर्टर बॅकअप. आग लागली तर ते तीन सख्खे भाऊ एकाच होडीत बसलेत. सात लाखांचा नवा जनरेटर आणून त्याच चेंजओव्हरला जोडलात तर चौथा भाऊ.

घोडबंदरकर
अण्णा, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन्ही कोटेशनं देणारेही मीटर रूम बघून गेले. कोणी ब्र काढला नाही.

काटकसर
कोटेशन देणारा कधी ब्र काढतो का?

ह्यूस्टनचा_ठाणेकर
आमच्याकडे अमेरिकेत प्रत्येक मजल्यावर

खारघरचा_वारा
आले! 'आमच्याकडे अमेरिकेत' आले! दोन दिवस झाले, म्हटलं अजून कसे नाहीत.

ह्यूस्टनचा_ठाणेकर
अरे वाक्य तरी पूर्ण करू दे रे. (चुकून एंटर दाबलं गेलं.) अमेरिकेचं कौतुक करायला नव्हतो आलो, उलटंच सांगायचं होतं. २६ फेब्रुवारी १९९३ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉम्बस्फोट झाला. वीज गेली. आपत्कालीन जनरेटर तळघरातच होते, सुरू झाले, पण थंड करणारी पाण्याची व्यवस्था स्फोटात उडाली होती, त्यामुळे तापून बंद पडले. हजारो लोक काळोख्या, धुराने भरलेल्या जिन्यांतून उतरले, काहींना खाली यायला कित्येक तास लागले. त्यानंतर तिथे जिन्यात बॅटरीचे दिवे बसवले आणि पायऱ्यांना काळोखात चमकणारा रंग मारला. २००१ च्या हल्ल्यात त्याचा उपयोग झाला असं त्यातून बचावलेल्या अनेकांनी सांगितलं. अण्णांचे भाऊ आणि होडी वाचून हेच आठवलं.

नेरुळी_मासा
फुकुशिमाही तेच ना? २०११ ला भूकंप झाला, वीज गेली, डिझेल जनरेटर शहाण्यासारखे सुरू झाले. मग त्सुनामीचं पाणी आलं आणि बरेचसे जनरेटर तळघरात.

खारघरचा_वारा
म्हणजे जपान, अमेरिका आणि घोडबंदर एका पंगतीत. अभिमान वाटला.

नौपाड्याची_आजी
पाण्यावरून आठवलं. २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. आमच्या नौपाड्यातल्या जुन्या चारमजली इमारतीच्या मीटरपेट्या तळमजल्यावर, पाण्याखाली. दोन दिवस वीज नव्हती. पण एक सांगते, जिन्यात कोणी पडलं नाही. आमच्या जिन्याला प्रत्येक वळणावर सिमेंटची जाळी होती. दिवसा ऊन यायचं, रात्री रस्त्याचा नाहीतर चांदण्याचा उजेड, आणि वाराही. आता मुलाच्या टॉवरमध्ये जिना म्हणजे विहीर. दार लोटलं की आपला हात आपल्याला दिसत नाही. आणि त्या दाराला लोकांनी विटा लावून ठेवल्यात, उघडं राहावं म्हणून.

शिडीवाले_अण्णा
आजी, ती वीट पहिली काढायला लावा. ते दार आपोआप बंद होण्यासाठीच असतं, धूर जिन्यात शिरू नये म्हणून. वीट लावलेलं दार म्हणजे धुराला आवतण.

मृण्मयी_सीवूड्स
टॉर्चच्या मुद्द्यावर परत येते, कारण मी हे भोगलंय.

मी नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळी नव्हती म्हणून घरी होते, नाहीतर मुलगी आणि सासूबाई एकट्या असत्या. रात्री दोनला वायर जळल्याचा वास आला. आमचा अकरावा मजला. इंटरकॉम बंद, लाइट बंद. जिन्याचं दार उघडलं तर धूर होता, फार नाही, पण होता. मी मोबाईलची टॉर्च लावली आणि समोर पांढरी भिंत दिसली. पावसाळ्यात बोरघाटात धुक्यात हाय बीम लावल्यावर जे होतं ना, अगदी तेच. सगळा उजेड आपल्याच डोळ्यात परत येतो. टॉर्च खाली, पायांजवळ धरली तेव्हा दोन पायऱ्या दिसायला लागल्या.

सासूबाईंचा हात एका हातात, मुलगी कडेवर, टॉर्च दातात. खरंच दातात. मजला कितवा ते कळेना, कारण आकडे भिंतीवर वर लिहिलेले, आणि धूर वरच साठतो. मी पायऱ्या मोजत उतरले. तरीही चुकले. तळमजला समजून दार ढकललं तर पोडियम पार्किंग निघालं.

सगळे सुखरूप बाहेर आलो. शॉर्ट सर्किट होतं, वेळीच विझलं. पण तेव्हापासून मॉलमध्ये गेले तरी आधी जिना कुठे आहे ते बघते.

काटकसर
मृण्मयीताई, टॉर्चवाला प्रतिसाद मागे घेतो. मनापासून.

पिंट्या२.०
पॉपकॉर्न ठेवून दिलं.

तीन_फेज
मृण्मयी म्हणतात ते महत्त्वाचं. हिरव्या पाटीवरचा पळणारा माणूस दाराच्या वर असतो आणि धूर त्यालाच आधी गिळतो. संहितेतही म्हटलंय की आपत्कालीन दिवे जितके खाली लावता येतील तितके खाली लावा, फक्त जमिनीपासून दोन मीटरच्या वर ठेवा, म्हणजे डोकं आपटणार नाही आणि कोणी काढून नेणार नाही. आपल्याकडे इलेक्ट्रिशियनला सांगा, तो छताला चिकटवूनच येतो.

मजल्याचे आकडे मात्र खाली, दाराच्या चौकटीजवळ, गुडघ्याच्या उंचीला परत रंगवा. डबाभर रंगाचं काम.

अंजू_कोपरी
आम्ही गेल्या वर्षी पायऱ्यांना रेडियमच्या पट्ट्या लावल्या. स्टेशनजवळच्या दुकानातून रोल आणला, सगळी मिळून एका रविवारी चिकटवल्या. मस्त दिसतं. पण लाइट गेल्यावर काही चमकत नाहीत हो. दुकानदाराने फसवलं?

तीन_फेज
अंजूताई, दुकानदाराने फसवलं नाही, शब्दाने फसवलं. आपण ज्याला रेडियम म्हणतो, गाडीच्या मागे लावतो ते, त्यात रेडियम नसतंच. ते फक्त समोरून पडलेला उजेड परत फेकतं. हेडलाइट पडला तर चमकेल, मिट्ट काळोखात नाही. तुम्हाला हवी ती फोटोल्युमिनसंट पट्टी. ती दिव्याचा उजेड पिऊन ठेवते आणि काळोखात हिरवट चमकते. रोल घेताना दुकानात हाताची ओंजळ करून आत डोकावून बघायचं. ओंजळीत चमकली तर घ्यायची.

पण तिला आधी उजेड पाजावा लागतो. जिन्यात हालचालीवर लागणारे सेन्सरचे दिवे असतील आणि दिवसभर जिन्यात कोणी फिरकतच नसेल, तर पट्टी उपाशी.

काटकसर
आमच्या जिन्यात सेन्सर मीच बसवले. वीजबिल निम्मं आलं म्हणून सभेत टाळ्या मिळाल्या होत्या. हा धागा मला लक्ष्य करून काढलाय का?

अंजू_कोपरी
ओंजळ करून बघितली. काळोखच. चारशे पायऱ्या चिकटवल्यात हो.

सूर्यपुत्र
इतक्या चर्चेत कोणी सोलरचं नाव काढलं नाही? गच्चीवर पॅनल टाका. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. जिना, लिफ्ट, पंप सगळं त्याच्यावर. वीज गेली काय, राहिली काय.

तीन_फेज
सोलर जरूर घ्या, बिल कमी होतं. पण 'वीज गेली काय, राहिली काय' हे चूक. अनुदानातलं नेहमीचं सोलर ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेलं असतं. ग्रीड गेली की त्याचा इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करतो. कारण तुमची वीज बाहेर वायरीत शिरली तर खांबावर काम करणारा लाइनमन मरेल. त्यामुळे भर दुपारी, डोक्यावर सूर्य आणि गच्चीवर वीस किलोवॉट असतानाही इमारत अंधारात बसते. बॅटरीसह हायब्रिड घेतलं तर गोष्ट वेगळी, पण त्याचा खर्चही वेगळा. आणि वीज रात्री पावणेबाराला गेली होती.

सूर्यपुत्र
हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही. आमच्याकडे बसून सात महिने झाले.

ऐरोलीकर_दादा
अनुभवातून सांगतो. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघ्याच्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं एकदम बंद. लोकल जागच्या जागी. सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम. आमचा जनरेटर झकास सुरू झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाऊण तासाने बंद पडला. डिझेल संपलं. टाकी भरलेली आहे असं रजिस्टरमध्ये दर आठवड्याला लिहिलेलं होतं. वॉचमन लिहीत होता 'ठीक', बघत कोणीच नव्हतं. त्यानंतर आम्ही रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहायला बंदी घातली. काठी बुडवून किती सेंटिमीटर ते लिहायचं.

तीन_फेज
दादांना दंडवत. भर अशी की जनरेटर आठवड्यातून एकदा नुसता भुर्रर करून बंद करू नका. लिफ्ट, पंप असं खरं ओझं देऊन अर्धा तास चालवा. सतत रिकामा चालवला की न जळलेलं डिझेल आणि काजळी आत साठते, मग नेमक्या वेळी ओझं घेताना धापा टाकतो. आणि जनरेटर बिघडलाय असं सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची फक्त स्टार्टिंगची बॅटरी मेलेली असते. घोडबंदरकर, तुमचंही तेच. सात लाख सोडा, आधी नवी बॅटरी लावून, सर्व्हिसिंग करून बघा की जुना काय म्हणतो.

पिंट्या२.०
भाप्र (भाबडा प्रश्न): जिन्यात ते बॅटरीवाले बल्ब लावले तर? साध्या होल्डरमध्ये बसतात, लाइट गेली तरी पेटतात. चार-पाचशेला मिळतो. घरी लावलाय, एकदम मस्त.

तीन_फेज
भाबडा नाही, सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण निम्म्या ठाण्याने हेच केलंय.

घरी ठीक. जिन्यात तीन घोळ. एक, तो बल्ब चालू असतानाच चार्ज होतो. जिन्याचे दिवे टायमरवर असतील आणि दिवसा बंद असतील तर दिवसा चार्जिंग नाही. दोन, बटण बंद असताना वीज गेली तर तो लागत नाही, कारण त्याला वाटतं तुम्हीच बंद केलंय. बल्बला हे कळतं कसं? पलीकडून सर्किट जोडलेलं आहे की तुटलंय, हे तो चाचपतो. म्हणून तिसरा घोळ: बाहेरची वीज न जाता जिन्याचाच एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) पडला, तर सर्किट तुटल्यासारखं दिसतं, आणि काही बल्ब लागतात, काही नाही. मेन बंद केल्यावर कोणते लागतील याची खात्री मी देणार नाही.

जिन्यासाठीचा खरा आपत्कालीन दिवा वेगळा असतो. त्याला बटणाशिवाय कायमची फेज (थेट, कधी बंद न होणारी वीजजोडणी) लागते, बॅटरी त्याच्याच पोटात असते, आणि तपासायला छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. वर्षातून एकदा वीज तोडून दीड तास चालतो का बघायचं. मीटर रूम जळून खाक झाली तरी आठव्या मजल्याचा दिवा आठव्या मजल्यावरच्या बॅटरीवर जळत राहतो. अण्णांच्या होडीत तो नाही.

शिडीवाले_अण्णा
बरोबर. आणि फायर पंपाची केबल मेन स्विचच्या अलीकडूनच वेगळी निघाली पाहिजे, म्हणजे आम्ही इमारतीचा मेन पाडला तरी पंप चालतो. मी किती इमारतींत बघितलं, मेन पाडला की पंपही गप्प. घोडबंदरकर, तुमचा कसा आहे?

घोडबंदरकर
खरं सांगायचं तर माहीत नाही. फॉर्म बी मात्र दर जानेवारी आणि जुलैला भरलेला आहे, फाइल चकाचक.

शिडीवाले_अण्णा
कायदा २००६ चा आहे, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यायचा, तो फॉर्म बी. पुढच्या वेळी माणूस आला की चहा नंतर द्या, आधी मेन पाडायला सांगा.

खारघरचा_वारा
हे फॉर्म बी वाल्यांना कळलं तर अण्णांचा चहा बंद.

वाशीची_विदुषी
अवांतर: गणपतीच्या रोषणाईला दहा दिवस भाड्याने जनरेटर आणताना कोणत्याही सोसायटीत कधी दोन तट पडलेले बघितलेत?

काटकसर
@विदुषी, पडतात. एक मी आणि एक बाकीचे सगळे.

नेरुळी_मासा
भाड्याच्या जनरेटरवरून, तो स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) बंदिस्त कोपऱ्यात ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो. एका लग्नात आमच्या दोन वाढप्यांना भोवळ आली होती, सगळे म्हणत होते उपास असेल.

घोडबंदरकर (धागाकर्ता)
मंडळी, बारा दिवसांनी येतोय, माफी.

रविवारी सकाळी नोटीस लावून मेन पाडला. लिफ्टमध्ये कोणी नाही ना ते आधी बघितलं. निकाल असा:

जिन्यातला एकही दिवा लागला नाही (इन्व्हर्टरला नवी बॅटरी घालून तीन दिवस झाले होते, इलेक्ट्रिशियनने वायरिंग शोधलं तर इन्व्हर्टरवर जिना नव्हताच, लॉबी आणि ऑफिसातला पंखा होता). जनरेटर नव्या बॅटरीवर अठरा सेकंदांत सुरू झाला, एक लिफ्ट आणि पाण्याचा पंप व्यवस्थित घेतला. दुसऱ्या लिफ्टचं बचाव यंत्र, म्हणजे वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडतं ते, चाललं नाही. त्याचीही बॅटरी गेलेली. फायर पंप मेनबरोबर बंद झाला. अण्णा म्हणाले तसंच.

आणि ज्या पंख्यासाठी सोसायटीचा इन्व्हर्टर सहा वर्षं राबत होता, त्याच्याखाली मी दर रविवारी बसतो.

शिडीवाले_अण्णा
फायर पंपाचं थांबवू नका. बाकी सगळं सभेपर्यंत थांबेल, ते नाही.

घोडबंदरकर
त्याचं काम सुरू केलंय, परवानाधारक ठेकेदाराकडून. नवीन जनरेटरचा ठराव मागे घेतला. जिन्यात मजल्याला दोन असे बॅटरीपोटी दिवे सभेपुढे ठेवतोय, दुसऱ्या जिन्यातसुद्धा. सायकलींना आठ दिवसांची मुदत. मीटर रूममधून इन्व्हर्टर आणि गादी दोन्ही बाहेर. गादीवरून वॉचमन रुसलाय.

मृण्मयी_सीवूड्स
आणि काकू?

घोडबंदरकर
प्लास्टर अजून तीन आठवडे. रविवारी मेन पाडला तेव्हा डाव्या हातात वही-पेन घेऊन जिन्यात उभ्या होत्या. कोणत्या मजल्यावर काय लागलं ते त्यांनीच लिहून घेतलं. वरचा निकाल त्यांच्याच वहीतून उतरवलाय, फक्त अक्षर वाचायला दोन दिवस लागले.

काटकसर
मी आमच्या सेन्सरना पहाटे आणि संध्याकाळी एकेक तास दिवे पूर्ण लावून ठेवायला टायमर जोडला. आता पट्ट्या आणायच्यात. अंजूताई, ओंजळ करून बघू देणारं दुकान कोपरीत कुठे आहे?

अंजू_कोपरी
दुकान सांगते, पण आधी चारशे पायऱ्यांचं रेडियम काढायला माणसं पाठवा.

नवा_गडी
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पण सोलर का लावत नाही?

खारघरचा_वारा
सूर्यपुत्र, हा तुमचा.